हौदातल्या मासोळ्या मी मारल्या

मी मुलांना अर्ध्या इंची पाइपच्या तुकड्यानं मारत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात माझ्याबद्दल अजून चांगलंच बोलतात. शाळेमागं माशांचा हौद बांधणारे, मातीशिवाय भाजी पिकवायला शिकवणारे विज्ञानाचे सर. ते खोटं नाही. पण हौदाचं काम संपल्यावर पाइपचे तुकडे उरले होते आणि त्यातला हातभर तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवला होता, हेही खोटं नाही. छडी मोडते, तो पाइप मोडत नसे. लागला की आवाज फारसा होत नसे, पण कातडी लगेच वर येई.

आमचं गाव उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्या अलीकडं. कापसानं सगळ्यांना रडवलं ती वर्षं होती. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. माणसं दिवसभर बोंडं फोडून पाहत आणि संध्याकाळी घरी आली की जे हाताशी सापडेल त्यावर तो राग काढत. बैलावर, बायकोवर, पोरांवर. मुलं पाठीवर वळ घेऊन शाळेत येत आणि त्या वळांवर आम्ही आमचे वळ उठवत असू. पालक फाटकाशी थांबून सांगून जात, "हाणा सर त्याले. डोळे तेवढे सोडा." आम्ही हसत असू. मीही हसत असे.

त्याच वर्षांत मी एका कृषी प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथं पहिल्यांदा पाहिलं की पाण्यावर भाजी येते. आडव्या पाइपला भोकं पाडायची, भोकात गिट्टी भरलेले प्लास्टिकचे पेले बसवायचे, त्यात रोपं लावायची आणि पाइपमधून पाणी खेळतं ठेवायचं. पाण्यात खताची पूड मिसळायची नसेल, तर ते पाणी माशांच्या हौदातून आणायचं. माशांची घाण गिट्टीतले जिवाणू फोडतात, त्याचं खत होतं, ते रोपं उचलतात आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. मला त्या गोष्टीनं वेडच लावलं. कापसाच्या गावात, जिथं दर आठवड्याला फवारणी केल्याशिवाय काही वाचत नाही, तिथं औषधाचा थेंब न वापरता पोरं पालक खातील. कारण औषध मारलं तर आधी मासे मरतील.

हौद आम्हीच बांधला. रेती वाहिली मुलांनी, गिलावा केला एका विद्यार्थ्याच्या मामानं. धरणावरच्या भोई माणसाकडून चिलापीची पिल्लं आणली. मुलं त्यांना मासोळ्याच म्हणत. वर्ग हौदाभोवती भरू लागला. नववीतली एक मुलगी होती, विहाराच्या मागं घर होतं तिचं. पहिल्याच दिवशी तिनं हात वर केला.

"सर, म्हंजे आपण मासोळीचं हागलेलं खाऊन राह्यलो काय?"

सगळा वर्ग फुटला. मी म्हणालो, "वांग्याले शेण टाकते तुझी आजी. मग तू गाईचं खाते काय?"

"माही आजी माळकरी हाय सर," मागून एका पोरानं विचारलं, "तिले हा पालक चालते का?"

"तिले सांगूच नको बे," दुसरा म्हणाला.

तीच मुलगी पुढं हौदाचा जीव झाली. आमच्याकडे लाईट केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसे. मोटर बंद पडली की पाण्यातली हवा कमी होई आणि मासे वर येऊन तोंडं उघडत. त्यावर मी पाळ्या लावल्या होत्या. ज्याची पाळी असेल त्यानं बादलीनं पाणी उचलायचं आणि उंचावरून पुन्हा हौदात ओतायचं, लाईट येईपर्यंत. उंचावरून पडणारं पाणी हवा घेऊन पडतं. बाकीची पोरं थोडा वेळ ओतून बोरं खायला पळत. ती नाही. हात भरून आले की बादली खाली ठेवायची, बोटं झटकायची आणि पुन्हा उचलायची. तिला पुढं कृषीचं शिकायचं होतं. तिच्या वडिलांनी मला हात जोडून विचारलं होतं, "होईन काय जी हे पोरीच्यानं?" मी म्हणालो, होईल. ते लोकांच्या कापसावर फवारणी करायला जात. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं. ते शाळेपाशी थांबत तेव्हा त्यांच्या अंगाचा औषधाचा वास आधी येई.

एका सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब हौद पाहायला येणार होते. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी पाइपपाशी गेलो, तर पालक पिवळा पडलेला. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. म्हणजे लोह कमी. हे मी वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर पान काढून. पण मी कापसाच्या घरात वाढलो आहे. आमच्याकडे पान पिवळं दिसलं की विचार करत नाहीत, हात पोत्याकडे जातो. माझ्या गाडीला शेतावर न्यायची युरियाची पिशवी लटकलेली होती. साहेबांना हिरवागार पालक दाखवायचा होता. मी बादलीत युरिया विरघळवला आणि हौदात ओतला. पाहिलं पालकाकडे, माशांकडे पाहिलंच नाही. कुणी नव्हतं तिथं.

कापसाच्या मुळाशी युरिया टाकला तर माती त्याला सांभाळून घेते. हौदात माती नव्हती. तिथं त्याचा अमोनिया होतो. आमच्या बोअरचं पाणी जड, उन्हानं तापलेलं, त्यात तो जास्तच जहाल होतो. हे सगळं मला ठाऊक होतं. ज्या माणसाला ठाऊक होतं त्यानंच बादली ओतली.

सोमवारी सकाळपासून लाईट नव्हती. पाळी त्या मुलीची होती. साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत होते आणि मी उभा राहून त्यांना मातीविना शेती समजावत होतो. ती दारात आली. फ्रॉक पोटापर्यंत भिजलेला.

"सर, मासोळ्या उलट्या होऊन राह्यल्या. मी ओतूनच राह्यली सर, तरी मरून राह्यल्या."

आम्ही सगळे मागं गेलो. पाणी दिसत नव्हतं, पांढरी पोटं दिसत होती. काही अजून गरगर फिरत होते, कल्ले लाल झालेले. एक उडी मारून बाहेर पडला होता आणि सिमेंटवर तडफडत होता. मी वाकलो. पाण्याला मुतानं भिजलेल्या गोठ्याचा वास होता. त्या क्षणी मला कळलं. मागाहून नाही, घरी गेल्यावर नाही. वाकलेला होतो तेव्हाच.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मुख्याध्यापक घाबरून गेले. मुलांच्या पिण्याची टाकी त्याच बोअरवर होती. "कुणी विषबिष तर नाही ना टाकलं?" ते म्हणाले. "पोरं पाणी पेले सकाळपासून!"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "पाळी हिची होती. आणि हिच्या घरी फवारणीचं औषध असते."

हे एवढंच वाक्य. ते मी बोललो तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न गेला. माझ्यावरचा प्रश्न गेला. आणि मग ते वाक्य खरं दिसावं म्हणून मी एका पोराला खणातला पाइप आणायला पाठवलं.

"काय टाकलं?"

"काही नाही जी टाकलं, सर."

मी मारलं. पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं. मी पुन्हा मारलं. ती हात मागं घेई, मी मनगट धरून पुढं ओढी. एक फटका बोटांच्या हाडावर बसला, तेव्हा ती खाली बसली आणि हात पोटाशी धरून म्हणाली, "सर, मी खरंच ओतूनच राह्यली होती." मला ते खरं माहीत होतं, म्हणून मी जास्त जोरानं मारलं. हे असंच होतं. माणूस चुकीच्या समजुतीनं मारतो तेव्हा कुठं तरी थांबतो. मी थांबू शकत नव्हतो, कारण थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं. वर्ग भिंतीला लागून उभा होता. माळकरी आजीचं पोर रडायला लागलं होतं.

तोवर मुलं घरोघरी पळाली होती. शाळेच्या पाण्यात विष टाकलं, एवढंच गावात पोहोचलं. बाया पोरांना उचलून ओकाऱ्या काढायला लावत होत्या. मिठाचं पाणी पाजत होत्या, बोटं घशात घालत होत्या. माणसं शाळेत घुसली. कुणी पाण्याची टाकी कुऱ्हाडीनं फोडली. कुणी आमच्या पाइपांवर दगड घातले, पेले तुडवले. पालक चिखलात गेला. साहेबांची जीप केव्हा निघून गेली ते कळलंही नाही.

मग तिचे वडील आले. कुणीतरी शेतात निरोप दिला होता. ते तसेच आले, पाठीवर पंप, अर्धा भरलेला, पंपाची दांडी हातात. फाटकात शिरताच माणसांनी त्यांना गराडा घातला. मी व्हरांड्यात उभा होतो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"सर, हिनं केलं काय?"

मी मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून.

मग त्यांनी जे केलं ते मी समजू शकलो, आणि समजलं म्हणून जास्त वाईट. चारी बाजूंनी माणसं होती, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात तुराटी. त्यांनी पोरीची वेणी धरली, तिला मधे ओढलं आणि पंपाच्या दांडीनं मारायला लागले. मारता मारता ओरडत होते, "मी मारतो! मी मारून राह्यलो न! तुम्ही कोणी हात नका लावू!" आमच्याकडे गरीब माणूस पोर वाचवायला असंच करतो. दुसऱ्यांनी मारायच्या आत आपण मारायचं. इतकं मारायचं की दुसऱ्याला लाज वाटावी. ती ओरडली नाही. बापाच्या पायाला धरून होती.

लाज वाटली नाही कुणाला. ज्या बागायतदाराच्या शेतात ते त्या दिवशी फवारत होते, तो पुढं आला. त्याचा मुलगा आमच्याकडे सातवीत होता. "माह्याच औषधानं माह्या पोराले मारतं काय बे?" म्हणत त्यानं त्यांना मागून धरलं. दोघांनी हात पिरगाळले. त्यानं पंपाचं झाकण काढलं आणि पंप तसाच त्यांच्या डोक्यावर उपडा केला. "घे, पे आता! पे!" औषध डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. ते आंधळ्यासारखे हात फिरवत खाली पडले, आणि पडल्यावर लाथा. तोंडातून फेस आला तेव्हा माणसं बाजूला झाली. पोर बापाचा चेहरा आपल्या ओल्या फ्रॉकनं पुसत होती, त्या सुजलेल्या हातानं. "पाणी द्या न कोणी, पाणी द्या न," म्हणत होती. पाणी कुठून देणार? टाकी फोडली होती, आणि हौदात जे होतं ते पाणी नव्हतं.

विहारातली माणसं गाडी घेऊन आली आणि त्यांना उमरखेडला नेलं. ते वाचले. एका डोळ्याची नजर गेली. प्रकरण मिटवलं गेलं, आमच्याकडे जसं मिटवतात तसं: तुम्ही विषाचं बोलायचं नाही, आम्ही माराचं बोलायचं नाही. पाणी तपासायला कुणी नेलंच नाही. मी नेऊ दिलं नाही, असंही म्हणता येईल. मेलेले मासे मी त्याच संध्याकाळी शिपायाकडून खड्ड्यात पुरून घेतले.

मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. तिच्या वडिलांनी दवाखान्यातून आल्यावर तिला एकदाच विचारलं. तिनं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा मारलं. "सर खोटं कायले बोलतीन?" हे मला नंतर त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं, माझं कौतुक म्हणून. लग्नाचं वय झालं तसं तिला लांब मुकुटबनकडे देऊन टाकलं. त्यानंतर ती माहेरी आली नाही. भाऊबीजेलाही नाही.

मी पुढच्याच वर्षी हौद पुन्हा भरला. नवे पाइप, नवी पिल्लं. शाळाशाळांतून लोक पाहायला येत. मुलं पालक, टमाटर, कोथिंबीर पिकवत, घरी नेत. मी दर वर्षी नव्या मुलांना सांगत असे की हौदात बाहेरचं काहीही टाकू नका, एकदा एका पोरीनं टाकलं होतं. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगत असे. आज त्या गावात कुणालाही विचारा, शाळेत विष कोणी टाकलं होतं. तिचं नाव सांगतील. ज्यांचा जन्म तेव्हा झाला नव्हता तेही सांगतील.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्या वडिलांकडे गेलो. बायको गेल्यावर माझ्याकडे खोटं बोलून सांभाळण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, हे एक कारण. दुसरं काही मोठं कारण सांगता येत नाही. ते दारात खाटेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा येण्याआधी सांगितलं.

"काय टाकलतं म्हणता?"

"युरिया. मीच. शनिवारी."

"अन् पोरगी?"

"ती फक्त पाणी ओतत होती."

 त्यांनी खाटेखाली चाचपलं, चप्पल हातात घेतली आणि मला मारायला लागले. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, काही फटके खाटेच्या माचव्यावर बसले. एक कानशिलावर बसला, चष्मा पडला. मी हललो नाही, पण त्यात मोठेपणा काही नव्हता.  सून धावत आली.

"मामाजी! सर आहेत ते!"

"सर आहेत म्हून तर!" ते ओरडले. "सर आहेत म्हून तर मी माह्या पोरीले..." आणि चप्पल टाकून खाली बसले. धाप लागली होती. जरा वेळानं म्हणाले, "तिले फोन लाव."

सुनेनं लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी मुलीला पुन्हा सगळं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी माफी मागायला सुरुवात केली तर तिनं मधेच तोडलं.

"ते राहू द्या सर. बाबा आयकून राह्यले काय?"

"आयकलं माय," वडील म्हणाले.

"पयल्यांदा आयकलं तुम्ही," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "मले एकटीले सांगून काय करू? मले तं माहीतच होतं का मी टाकलं नाही. गावात सांगा. चार लोकांत बोलले होते न तुम्ही, चार लोकांतच सांगा. मंग मी येतो बाबाले भेटाले. त्याच्याआधी येणार नाही."

मी ग्रामसभेत उभा राहिलो. युरियापर्यंत आलो तोवर लोक शांत होते, एकदोघं हसलेही. "सर, मासोळ्याचं काय घेऊन बसले आता?" पण पंपाचं बोलायला लागलो तसा तो बागायतदार उठला. आता तो गावचा मोठा माणूस आहे. "म्हातारं झालं तुमचं डोकं. आमच्यावर केस लावता काय?" त्याच्या पोरानं, माझ्याच विद्यार्थ्यानं, माझ्या हातातला माईक ओढला. मी सोडला नाही, तर छातीला धक्का दिला. मी खुर्च्यांवर पडलो. मनगट मोडलं. त्या रात्री घराच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी दोन जण येऊन प्रेमानं सांगून गेले, "सर, तुमची इज्जत हाय गावात. कायले घालवता?"

प्लास्टर निघाल्यावर मी तिला फोन केला. झालं ते सांगितलं. म्हणालो, मला पूर्ण बोलू दिलं नाही.

"मंग लिहून काढा," ती म्हणाली. "तुमच्या हातचा माईक ओढला, पेन कोण ओढते? पण सगळं लिहा. नुसतं युरियाचं नाही. बाबाच्या अंगावर औषध ओतलं ते लिहा. बाबानं मले मारलं ते बी लिहा, त्याईले वाईट वाटलं तरी. अन् तुम्ही व्हरांड्यात उभे होते ते लिहा."

"लिहितो."

"माह्यं नाव नका टाकू. कोणाचंच नका टाकू. गावाले समजते."

तिच्या वडिलांना मी हे सगळं वाचून दाखवलं आहे. मार लिहिला तिथं त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. काही काढा म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "छापाले किती दिवस लागतीन जी?" त्यांना खोकला लागला आहे, फवारणीच्या दिवसांपासूनचा, आता तो छातीत उतरला आहे. मी म्हणालो, लवकरच. मला ते माहीत नव्हतं. म्हणून हे मी आजच पाठवतो आहे.